बोटभर फट

ड्रायव्हर दुकानात धावत शिरला तेव्हा मास्तरला वाटलं, हा पुन्हा उशीसाठीच आला.

"अरे बाबा, देतो म्हटलं ना नवी करून," शिलाई मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला. "अर्धा तास झाला नाही तुला जाऊन. कमरेची उशी चोरीला गेली म्हणून कुणी मरत नाही."

ड्रायव्हर दारातच उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"मास्तर, चला. उस्तादांनी पाठवलंय. बस खाली बसली."

"मग उचला."

"बाई खाली आहेत."

मशीनची सुई रेक्झिनमध्ये तशीच रुतून राहिली आणि मास्तर गल्ली ओलांडून धावला. समोरच वर्कशॉप होतं. बस मागच्या बाजूने बसली होती. डाव्या चाकाच्या पुढे, बॉडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. पायांत निळे कापडी बूट होते. डाव्या बुटाची नाडी तासाभरापूर्वी जेवताना सुटली होती आणि "बांध की," असं मास्तर म्हणाला होता. ती अजून सुटलेलीच होती.

उस्ताद एकटाच जॅक मारत होता. घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने त्याचं तोंड भिजलं होतं. "पोरी, ए पोरी," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बस उचलली, तिला बाहेर काढलं. तेव्हा ती संपलेली होती.

मास्तरची बायको बसचे हवेचे व्हॉल्व्ह दुरुस्त करायची. अख्ख्या गल्लीत तिला हवाबाई म्हणत. मोठ्या बसला स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागी रबराचे हवाभरले बलून असतात, बस त्यांच्यावर उभी असते. कुठल्या बलूनमध्ये किती हवा ठेवायची हे लेव्हल व्हॉल्व्ह ठरवतो. मागे दोन, डावीउजवीकडे एकेक. तो गळायला लागला की बस त्या बाजूला कलते. हवाबाई खाली निजायची, ब्रशने साबणाचं पाणी लावायची आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायची. पंधरा वर्षं तिने हेच काम केलं.

पोलिसांनी तीन ओळींत उरकलं. बसखाली आधाराला घोड्या लावलेल्या नव्हत्या. दोन्ही घोड्या भिंतीजवळच्या रॅकवर होत्या. हवा गेली, बस बसली. स्वतःचा निष्काळजीपणा.

त्या शेवटच्या दोन शब्दांवर मास्तरने कागद परत केला. सही केली नाही.

*

सहाव्या दिवशी तो तपासबाईंच्या दारात उभा राहिला. बाई साठीच्या. विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता खासगी तपास करायच्या. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"बसा. काय हवंय? भरपाई?"

"नाव."

"कुणाचं?"

"ज्याने मारलं त्याचं. ती घोड्या लावल्याशिवाय कधी खाली गेली नाही. एकदाही नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे.

"पिशवीत काय आहे?"

"रापी. रेक्झिन कापायची. धंद्याची आहे."

"दुकान कधीपासून बंद आहे?"

"सहा दिवस झाले."

"सहा दिवस दुकान बंद आणि रापीला मात्र आजच धार लावलीत. बोटाला ताजं कापलंय तुमच्या." बाई काठी टेकत उठल्या. "मी नाव काढीन. पण पिशवीतून हात बाहेर काढायचा तो मी सांगेन तेव्हा. कबूल असेल तर चला. माझे गुडघे वाकत नाहीत, बसखाली तुम्हालाच जावं लागेल."

मास्तरने पिशवीचं तोंड आवळलं आणि तो "कबूल" म्हणाला.

*

बाई आधी रॅककडे गेल्या. दोन लोखंडी घोड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर काळ्या रेक्झिनची टोपी, टोपीला खाली लांब झालर.

"हे शिंपीकाम तुमचं?"

"हो. लोखंडावर लोखंड सरकतं म्हणून तिला टोप्या हव्या होत्या. आत रबर घातलंय. झालर धुळीसाठी."

"हा खांब वरखाली होतो ना?"

"होतो. भोकं आहेत, त्यातून पीन घालायची. एक भोक म्हणजे तीन बोटं. पण इथे सगळ्या बस एकाच उंचीच्या, त्यामुळे तिची पीन कायम चौथ्या भोकात. दोन वर्षांत तरी हलली नसेल."

बाईंनी झालर वर केली. दोन्ही घोड्यांच्या पिना चौथ्या भोकातच होत्या. "डावीकडे कुठली लावायची?"

"पांढरा ठिपका असलेली. ज्या बाजूचं काम, तिकडचीच लावायची ती."

बाईंनी ठिपक्याच्या घोडीची पीन उपसली. बोटं काळ्या तेलाने माखली. मग दुसरीची उपसली. तिच्यावर कोरडा तांबूस गंज होता. ती कोरडी पीन त्या परत भोकात घालणार, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, थांबा!"

उस्ताद तेलाची पिचकारी घेऊन आला. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने बाईंच्या हातातून पीन घेतली, पुसली, तेल लावलं आणि अलगद भोकात सरकवली.

"सुकी पीन घालायची नाही. अडकली म्हणजे हातोडा मारत बसा. इथे शिस्त आहे." मग तो ओशाळून मास्तरकडे वळला. "सवय रे. जेवलास का काही?"

मास्तरने मान हलवली. ह्याच माणसाने हवाबाईला अठराव्या वर्षी हातात पाना धरायला शिकवलं होतं. लग्नात तिच्या बापाच्या जागी हाच उभा होता.

बाईंनी ठिपक्याच्या घोडीची टोपी काढली आणि मास्तरला उजेडात नेलं. "शिवणीत काय अडकलंय?"

गुलाबी रंगाचा, गव्हाच्या दाण्याएवढा कण होता तो.

"फोम," मास्तर म्हणाला. "पण मी टोपीत फोम घातलाच नाही. फोम दबतो. आधाराच्या वस्तूत कुणी फोम घालतं का?"

"ह्या वर्कशॉपमध्ये कुणाकुणाला फोम दिलात?"

"मालकांच्या खुर्चीला करडा. उस्तादांना गुडघ्याखाली घ्यायला पिवळा, पातळ, बोटभर जाडीचा. आणि..." त्याने तो कण नखावर घेतला. "ड्रायव्हरच्या कमरेच्या उशीला गुलाबी. कडक. तीन बोटं जाड."

त्याचा हात पिशवीत गेला. बाईंची काठी त्याच्या मनगटावर पडली, जोरात.

"कबूल काय केलं होतंत?"

*

मास्तरची सही नव्हती म्हणून बस अजून तिथेच उभी होती. मास्तर पाठीवर निजला आणि सरकत आत गेला. फरशीवर एक पुसलेला डाग होता, त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही. व्हॉल्व्हकडे पाहिलं.

"काय दिसतं?" बाहेरून बाईंनी विचारलं.

"डावीकडचा नवा आहे. कोरा. उजवीकडचाही."

"त्या दिवशी तिच्या हातापाशी काय काय होतं?"

"पाना होता. साबणाचा मग आणि ब्रश होता. व्हॉल्व्हवर फेस होता, माझ्या हाताला लागला तिला काढताना."

"आणि व्हॉल्व्हचा नट?"

"अर्धा सुटलेला होता."

"नेहमी अशीच खाली निजून नट सोडायची?"

"हो. घोडी लावायची ती बोटभर फट ठेवून. बोट घालून बघायची, मग आत जायची. गळती शोधताना बलूनमध्ये हवा लागते ना, म्हणून बस टेकवत नसे. बुडबुडा दिसला की तिथेच निजून नट सैल करायचा. हवा सुटते, बस बोटभर खाली येऊन घोडीवर टेकते. उस्तादांनी तसंच शिकवलं होतं."

"बाहेर या," बाई म्हणाल्या. "आणि डोळे पुसा. आता माणसांशी बोलायचंय."

*

मालक काचेच्या केबिनमध्ये बसला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातांना कधी ग्रीस लागलेलं नव्हतं.

"वाईट झालं. पण नियम तिनेच मोडला, त्याला मी काय करणार?"

"त्या दुपारी कुठे होतात?"

"इथेच, फोनवर. ड्रायव्हर बोंबलला तेव्हा बाहेर आलो. उस्ताद म्हणाला, फाटकाशी जा, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवा. गेलो."

"स्वतः खाली वाकून पाहिलंत?"

"मी? मला रक्त बघवत नाही. आणि बसखाली मी आयुष्यात गेलेलो नाही, बाई. हवेचा व्हॉल्व्ह हातात दिलात तर तो नळाचा आहे की बसचा, तेही सांगता यायचं नाही."

"नवे व्हॉल्व्ह कोण आणतं?"

"उस्ताद आणतो. तोच बसवतो नाहीतर तिला देतो. काय हवं ते त्यालाच कळतं."

"सकाळी हवाबाई काही बोलली?"

मालक जरा घुटमळला. "उजवीकडचा व्हॉल्व्ह काढल्यावर खालूनच ओरडली, 'हा कुणी लावला?' मी, उस्ताद, ड्रायव्हर, तिघेही तिथेच होतो. कुणी काही बोललं नाही. ती तापट होती, आम्हाला सवय होती."

ड्रायव्हर आपल्या बसच्या पायरीवर बसला होता. मास्तर समोर आला तसा तो उठून उभा राहिला.

"तुझं आणि तिचं भांडण झालं होतं," बाईंनी थेट विचारलं.

"रोजच व्हायचं! माझी बस अडवून ठेवायच्या. म्हणायच्या, 'वळणावर आडवी पडायची असेल तर खुशाल ने.' मी म्हणायचो, बाई, तुम्ही माझ्या आईपेक्षा जास्त काळजी करता." तो पुन्हा पायरीवर टेकला. "खोटं नव्हतं ते."

"जेवणाच्या सुट्टीत कुठे होतास?"

"मागच्या सीटवर झोपलो होतो. उठलो तर माझ्या सीटवरची उशी गायब. मास्तरकडे गेलो, तोवर हवाबाई कामाला परत आल्या होत्या. मास्तरकडून आलो, हात धुतले, बसच्या मागे गेलो तर..."

"मग?"

"ओरडलो. उस्ताद आले, मालक आले. मी जॅक आणायला निघालो तर उस्ताद म्हणाले, जॅक मी घेतो, तू आधी मास्तरला आण."

"घोड्या होत्या खाली?"

"मी पाय बघितले, बाई. पुढचं काही बघितलं नाही."

मास्तर दात आवळून उभा होता. त्याच्या लेखी खटला संपला होता. उशी गुलाबी, उशी ह्याची, बसमध्ये झोपलेला हा, पहिला पोचलेला हा. बाई आणखी कशासाठी खोळंबल्या आहेत तेच त्याला कळेना.

उस्ताद लेथ मशीनपाशी होता. एकेक उत्तर देताना त्याचे डोळे भरून येत होते.

"सुट्टीत इथेच होतो. डबा खाल्ला, मशीन साफ केलं. आरडाओरडा ऐकला. धावलो. जॅक लावला. माझ्या हाताखाली शिकलेली पोर, आणि घोडी लावायला विसरली!"

"डावीकडचा जुना व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"भंगारात गेला. दुसऱ्या दिवशी नवा बसवला. बस किती दिवस अडकवणार?"

शेजारी हवाबाईचं हत्यारांचं कपाट होतं. बाईंनी दार उघडलं. दाराच्या आतल्या अंगाला खडूने ओढलेल्या अकरा उभ्या रेघा होत्या. खाली एक पत्र्याचा डबा, रिकामा.

"हे काय?"

"निकामी व्हॉल्व्ह," मास्तर म्हणाला. "आतली बैठक झिजली की दुरुस्त होत नाही. असला व्हॉल्व्ह ती डब्यात टाकायची आणि दारावर एक रेघ ओढायची. व्हॉल्व्हवरही कानशीने तीन रेघा मारायची, चुकून कुणी परत लावू नये म्हणून."

"डबा रिकामा आहे."

"भंगारवाल्याला दिले," उस्ताद म्हणाला. "सगळंच भंगार जातं."

*

मास्तरच्या दुकानात सहा दिवसांची धूळ होती. मशीनच्या सुईखाली रेक्झिन तसंच होतं.

"त्या दिवशी जेवताना ती काय बोलली?" बाईंनी विचारलं. "आठवा. भाजी खारट झाली म्हणाली असेल तर तेही सांगा."

"खारट नव्हती. मी केली होती." मास्तर बाकावर बसला. "गप्प होती. म्हणाली, डावीकडचाही तसाच निघाला तर संध्याकाळी मालकाला सांगते. काय तसाच, मी विचारलं नाही. मग एक पुडकं दिलं. म्हणाली, जपून ठेवा, मास्तर, उसवून बघू नका."

बाईंनी कपाळावर हात मारला. "पुडकं कुठे आहे?"

"बटणांच्या डब्यात. नुसता व्हॉल्व्ह आहे हो त्यात."

"नुसता!"

त्याने पुडकं आणलं. रुमालात एक लेव्हल व्हॉल्व्ह होता, वरून चकाकणारा, ताज्या रंगाचा. बाईंनी रंग नखाने खरवडला. खाली कानशीच्या तीन रेघा निघाल्या.

मास्तर त्या रेघांकडे बघत राहिला. तिसरी रेघ नेहमी जरा तिरकी जायची तिची.

"उद्या सकाळी सगळ्यांना बसपाशी बोलवा," बाई म्हणाल्या. "आणि आज एक काम करा. ठिपक्याच्या घोडीत काहीही घालू नका. पीन चौथ्या भोकात, टोपी जशी होती तशी. बसखाली लावून ठेवा, बोटभर फट ठेवून."

"आणि ड्रायव्हर?"

"तोही येईल. रापी आणलीत तरी चालेल. फक्त माझ्या उजव्या हाताला उभे राहा."

*

सकाळी वर्कशॉपमध्ये बाईंखेरीज पाच माणसं होती. पाचवा साध्या कपड्यांतला पोलीस, टायरवर बसून जांभया देणारा.

"हवाबाई निष्काळजी होती असं कागदावर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ते खरं की खोटं, एका मिनिटात कळेल. घोडी लावलेली आहे. तिघांनी एकेक करून खाली निजायचं. मास्तर नट सोडतील. घोडी धड असेल तर बस बोटभर खाली येईल, बस्स."

"हा काय पोरखेळ!" मालक म्हणाला.

"घाबरलात?"

मालकाने शर्टाकडे पाहिलं, मग वाकून फटीत बोट घातलं. "आहे फट," असं म्हणत तो तोंड वाकडं करत डोक्यापर्यंत आत सरकला. बाईंनी लगेच "पुरे" म्हणून बाहेर काढलं.

ड्रायव्हरने फट बघितलीही नाही. तो सरळ निजला. "सोडा, मास्तर," तो खालून म्हणाला. मास्तरच्या हातात पाना होता. नट सोडायची त्याला आतून फार इच्छा होती आणि हा माणूस डोळे मिटून पडला होता. मास्तरने नट सोडला नाही.

"पुरे," बाई म्हणाल्या. "उस्ताद, तुम्ही."

उस्ताद गुडघ्यांवर बसला. फटीत बोट घातलं. मग क्षणभर थांबला. मग दुसऱ्या हाताने झालर उचलली आणि टोपीच्या आत अंगठा दाबून बघितला.



"काय शोधताय?" बाईंनी मऊ आवाजात विचारलं. "पंधरा वर्षं फटीत बोट घालून बघायची पद्धत आहे इथे. तुम्हीच शिकवलीत. टोपीखाली आजवर कुणी अंगठा घातला नव्हता. तिथे मऊ काही असू शकतं, हे कुणाला माहीत असणार?"

उस्तादचा हात टोपीखालून बाहेर आला.

"ऐका, मास्तर," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "तिच्या हातात पाना होता, फेस ओला होता, नट अर्धा सुटलेला होता. म्हणजे गळती सापडली आणि नट तिनेच सोडला. बस पडली तेव्हा मारणाऱ्याला तिथे असायची गरजच नव्हती. म्हणून कोण कुठे होतं हे विचारून काही उपयोग नव्हता. प्रश्न एवढाच होता की घोडी कुठे गेली."

"घोडी नव्हतीच," उस्ताद म्हणाला.

"होती. टोपीत फोमचा कण आहे. सुट्टीत कुणीतरी पीन एक भोक खाली घेतली. खांब तीन बोटं बुटका झाला. ती उंची टोपीखाली तीन बोटं फोम घालून भरून काढली. झालरीने सगळं झाकलं. हवाबाई परत आली, बोट घातलं, फट बरोबर बोटभर. निजली. नट सोडला. बस बोटभर आली आणि तिथे थांबलीच नाही. आणखी तीन बोटं गेली. बसखाली तीन बोटं म्हणजे छाती."

मास्तरने पाना खाली ठेवला.

"फोम ड्रायव्हरच्या उशीचा. त्यानेच तो वापरला असता तर अर्ध्या तासाआधी 'उशी चोरीला गेली' म्हणून मास्तरकडे जाऊन उशीची आठवण कशाला करून देईल? उशी सीटवर पडलेली, तो मागे झोपलेला. कुणीही उचलली असती. बस बसली तेव्हा तिचं वजन बलूनच्या आतल्या ठोकळ्यावर गेलं, घोडी मोकळी झाली. ती ओढून काढायला एकटेपणा हवा होता. मालकांना फाटकाशी कुणी धाडलं? ड्रायव्हर जॅक आणत होता, त्याला मास्तरकडे कुणी पिटाळलं?"

"माणसाने अशा वेळी काय करायचं असतं?" उस्ताद ओरडला. "मी बोलावणं पाठवलं तेही पाप?"

"ते नाही. पाप तेलात आहे." बाईंनी घोडीकडे काठी केली. "फोम काढला, पीन परत चौथ्या भोकात घातली, घोडी रॅकवर ठेवली. घाई होती, पोर खाली मरत होती. तरी सुकी पीन घालायला तुमचा हात धजला नाही. तेल लावलंत. दोन घोड्यांपैकी एकाच पिनेला ताजं तेल, तेही ठिपक्याच्या. मालक ग्रीसला हात लावत नाहीत. ड्रायव्हर ब्रेकखेरीज कशाला पाय लावत नाही. काल माझ्या हातून पीन हिसकून घेतलीत तेव्हाच मला नाव मिळालं. वाट बघत होते ती कारणाची."

त्यांनी रुमालातला व्हॉल्व्ह काढला.

"तिने भंगारात काढलेले व्हॉल्व्ह तुम्ही रंगवून, नवे म्हणून परत बसमध्ये घालत होतात आणि नव्यांचे पैसे खिशात टाकत होतात. त्या सकाळी तिने विचारलं, हा कुणी लावला. तुम्ही गप्प राहिलात. डावीकडचाही तसाच आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तो ती जेवणानंतर काढणार होती."

पोलीस जांभई विसरून उठला होता. उस्तादच्या लेथच्या खणात त्याला डावीकडचा व्हॉल्व्ह सापडला. रंगाखाली तीन रेघा. शेजारी आणखी दोन, अर्धे रंगवलेले.

उस्ताद फरशीवर बसला.

"ती मालकाकडे जाण्याआधी माझ्याकडे आली असती तर..." तो म्हणाला.

"आली होती," मास्तर म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "खालून ओरडून विचारलं तिने. तुलाच विचारलं असणार. तिला दुसरं कोण ठाऊक होतं?"

त्याचा हात पिशवीत होता. रापीची मूठ त्याने धरली होती. उस्तादची मान त्याच्यापासून दोन हातांवर, वाकलेली, रेक्झिन कापायला पसरावं तशी. बाईंनी या वेळी काठी उचलली नाही.

"मास्तर," त्या हळू म्हणाल्या, "दारावर रेघा किती होत्या?"

"अकरा."

"हातात किती आले?"

त्याने मनात मोजले. रुमालातला एक. खणातले तीन.

"चार."

"बाकीचे सात कुठल्या बसखाली आहेत, हे एकाच माणसाला माहीत आहे. त्याची मान कापलीत तर विचारणार कुणाला?"

मास्तर तसाच उभा राहिला. मग त्याने पिशवीतून रिकामा हात काढला आणि उस्तादच्या समोर उकिडवा बसला.

"सात कुठे आहेत?"

उस्ताद बोलला नाही. पोलिसाने त्याला नेलं तेव्हाही तो बोलला नाही.

*

कागदावरचे ते दोन शब्द खोडले गेले. मालकाने हवाबाईचं कपाट मास्तरला दिलं. ड्रायव्हरला मास्तरने नवी उशी शिवून दिली. त्याच्याकडे बघून बोलायला मात्र त्याला महिना लागला.

आठवड्यातून एकदा तो तुरुंगात भेटीच्या खिडकीशी जातो. एकच प्रश्न विचारतो. उस्ताद मान खाली घालतो. मास्तर सांगतो, "माझी रापी धारेवर आहे. तू सुटशील तेव्हाही असेल," आणि परत येतो.

सकाळी दुकान उघडण्याआधी तो ओळखीच्या, अनोळखी बसस्थानकांवर जातो, ड्रायव्हरांची मनधरणी करतो. ठिपक्याची घोडी लावतो, टोपी काढून बघतो, फटीत बोट घालतो आणि पाठीवर सरकत आत जातो. खिशात कानस असते, रंग खरवडायला. आतापर्यंत एकशे चाळीस बस झाल्या.

सात व्हॉल्व्ह अजून सापडलेले नाहीत.